पेटीतला चुना

वसंता, काल तुझं तेरावं झालं. भटजी म्हणाले, आता त्यांची वाट मोकळी झाली. मी म्हटलं, त्याची वाट अडवली कुणी होती कधी? आडवा येईल त्याला तुडवूनच जायचा तो. भटजींना ते आवडलं नाही. त्यांनी उपरणं झटकलं आणि पळी उचलली.

घरात आवाज नाही आता. तुझा खोकला नाही, तुझ्या शिव्या नाहीत, दुरुस्त होत नाही म्हणून तू रेडिओ भिंतीवर आपटत नाहीस. शेजारच्या बायका येतात आणि विचारतात, आक्का, एकटं वाटत असेल. मी सांगते, कानाला विश्रांती आहे. पण सकाळी चहा ठेवला की उलथणं अजून उजव्या हाताशी घेते. ते तुझ्यासाठी असायचं.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलून गेले. मेल्यावर बोलतातच. हाताला गुण होता म्हणाले. होता. त्याच हातानं तू बायकोला मारलंस. ती गेली ती बरी गेली, हे मी तेव्हा तुझ्या तोंडावर बोलले होते. आता तू मेलास म्हणून ते फिरवणार नाही. मीही तुला कमी मारलं नाही. लाटण्यानं मारलं, फुंकणीनं मारलं, एकदा तर बसायचा पाट घालून मारलं. आपल्या बापानं दोघांना तेवढंच शिकवलं. राग आला तरी त्याचा हात उठायचा, आणि माया आली तरी पाठीत दणकाच बसायचा. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, तू अकरावीपर्यंत गेलास, पण घरची शाळा दोघांनी पुरी केली.

मला तुला एक सांगायचं होतं. तुझा डावा डोळा बॅटरीनं गेला नाही. माझ्यामुळे गेला. सात वर्षं तू माझ्यासमोर एका डोळ्यानं जेवलास आणि मी ते बोलले नाही. शेवटच्या आठवड्यात बोलणार होते. पण तुझ्या तोंडात नळी होती, हाताला सलाईन होतं. जो उठून मारू शकत नाही त्याला कबुली देणं मला पटलं नाही. तू मला मारायला हवं होतंस. त्याशिवाय ती कबुली कसली?

तर आता ऐक. आता तुला उठूनही जाता येत नाही.

तू मुंबईच्या गोदीतून परत आलास तेव्हा तुझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती आणि बोटींवर वायरिंग केल्याची शेखी होती. नाशकात द्वारका चौकाजवळ तू दुकान टाकलंस. दहा बाय दहाची खोली, टीव्ही आणि रेडिओचे सांगाडे छतापर्यंत. बायको गेल्यावर माझ्याकडे इंदिरानगरला राहायला आलास. मी विधवा, तू टाकलेला. माझं पापडाचं काम होतं, उडदाचे आणि नाचणीचे. एका खोलीत माझं पीठ, दुसरीत तुझे स्क्रू. पिठात स्क्रू सापडला म्हणून झालेली भांडणं मी मोजली नाहीत.

मग तू ती होडी आणलीस. आणलीस म्हणजे गंगापूर धरणाच्या काठाला कुण्या हौशी माणसानं टाकून दिलेली शिडाची होडी चिखलात पालथी पडली होती, ती तू सरळ केलीस. दोन हिवाळे तिच्यावर घातलेस. फळ्या बदलल्यास, डांबर लावलंस, माझ्या जुन्या गाद्यांची खोळ उसवून शीड शिवलंस, न विचारता. मी म्हटलं, नाशकात समुद्र कुठाय मेल्या?

तू म्हणालास, "वारा आहे ना. बस झालं."

एकदा मला बसवलंस. मी होडीच्या कडेला धरून बसले आणि वारा शिडात भरला तसा तुझा चेहरा निवळला. तो चेहरा मी तुझ्या लग्नातही पाहिला नव्हता. काठावर उतरल्यावर मी उलटी केली आणि तू हसलास म्हणून तुला वहाणेनं हाणलं. पण तो चेहरा मी विसरले नाही, हे आज लिहून ठेवते.

कुंभाच्या आदल्या उन्हाळ्यात कैलास आला. नांदगावचा, तिशीचा, सावळा, बोलायला फटकळ. एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. धरणात गाळ किती साचलाय ते मोजायचं काम होतं. त्यांची इंजिनाची बोट बिघडली होती, म्हणून त्यांनी तुझी होडी घेतली. होडीत एक यंत्र, ते ठेकेदाराच्या मोठ्या बॅटरीवर चालायचं आणि पाण्यात आवाज सोडायचं. आवाज तळाला लागून परत यायचा आणि मांडीएवढ्या कॉम्प्युटरवर तळाची रेघ उमटायची. मला ते लगेच कळलं. विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल ते आपण ऐकायचो, तसंच.

पण कॉम्प्युटर टिकत नव्हता. पहिल्या आठवड्यातच कैलास तो धोतराच्या पानात बाळासारखा गुंडाळून घरी घेऊन आला.

"दादा, परत मेला," तो म्हणाला. "पडद्यावर नुसतं धुकं."

"चालू केलास का?"

"बघायला केला जरा."

तू त्याच्या कानाखाली वाजवलीस. माझ्या हातातलं पापडाचं लाटणं थांबलं. तू म्हणालास, "पाणी यंत्राला मारत नाही. ओल्यात वीज सोडणारा गाढव मारतो. आधी वाळवायचं, मग बटन. काल सांगितलं होतं की नाही?"

कैलासनं गाल चोळला. "काल सांगितलं होतं. पण काल ऐकू आलं नाय. आज आलं."

तू हसलास. तेव्हापासून तो तुझा झाला. तुला उलट बोलून मार खाणारी माणसंच आवडायची. उलट न बोलणाऱ्यांना तू नुसतंच मारायचास.

मग तू पेटी केलीस. प्लायवुडची, आतून बाहेरून तीन हात व्हार्निश. वर काच, म्हणजे झाकण न उघडता पडदा दिसेल. झाकणाच्या कडेला माझ्या कुकरच्या दोन रबरी रिंगा कापून चिकटवल्यास. वायर आत जायच्या जागी मेण, आणि वायरला बाहेरून खाली झोळ दिलास. मी विचारलं, झोळ कशाला? तू म्हणालास, पाणी वायरीवरून चालत येतं आक्का, झोळापाशी आलं की खाली टपकतं, वर चढून भोकात जात नाही. मला ते आवडलं. मी काही बोलले नाही, पण आवडलं.

तरी पेटीत घाम येत होता. तू डोकं धरून बसलास. झाकण बंद, थेंब आत जात नाही, मग पाणी आलं कुठून?

ते मी तुला सांगितलं. आठवतंय? मी म्हटलं, पापड उन्हात तापलेला तसाच डब्यात भरला तर डब्याला आतून घाम येतो. पाणी बाहेरून येत नाही, आतल्या वाफेचं होतं. तू दुपारच्या उन्हात झाकण लावतोस, आणि खाली धरणाचं गार पाणी. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू पिठात स्क्रूऐवजी सोनं सापडलं. म्हणालास, "चौथी पास बाई, तुला गोदीत न्यायला हवी होती." आयुष्यात तू माझं केलेलं कौतुक ते एवढंच. मी ते जपून ठेवलं आहे.

पहाटे गारव्यात झाकण लावायचं ठरलं. आणि आतली ओल पिणारं काहीतरी ठेवायचं. तू दुकानातून निळे खडे आणलेस, कॅमेऱ्याच्या डब्यात असतात तसे. ओल पिऊन ते गुलाबी व्हायचे. मग ते भाजले की पुन्हा निळे. भाजायला तू माझा तवा घेतलास.

तो तवा बीडाचा, ओतीव लोखंडाचा होता, सासूनं मरताना दिलेला. त्याआधी तिनं मला फक्त मार दिला होता. लग्नानंतर पहिल्या जेवणाला मला नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बसवलं, तिथून सुरुवात. मी ताटावरून उठले. सासूनं मला परसात ओढून केरसुणीच्या बुडख्यानं सडकलं. तू पाठराखा म्हणून माहेराहून सोबत आला होतास, आठ-नऊ वर्षांचा. तू धावत येऊन तिच्या मनगटाचा असा लचका तोडलास की रक्त आलं. तीन दिवस मी उपाशी राहिले. चौथ्या दिवशी तिनं वेगळं ताट वाढलं. त्या दिवसापासून मी कुणाचं उष्टं खाल्लं नाही. नवऱ्याचं नाही, पोटच्या पोरीचंही नाही. सासूनं ते लक्षात ठेवलं असावं, कारण मरताना तिनं तवा मोठ्या सुनेला न देता मला दिला.

त्या तव्यावर तू खडे भाजत होतास.

"उचल ते," मी म्हटलं. "लोकांच्या पोटात जायचे पापड भाजते मी त्याच्यावर."

"धुऊन देतो."

"विष आहे ते. रंग बघ त्याचा."

"खडे आहेत आक्का. गप बस."

मी उलथणं तुझ्या मनगटावर मारलं. खडे घरभर उडाले. तू तापलेला तवा फडक्यात धरून उचललास आणि दारातून बाहेर भिरकावलास. तो फाटकाच्या दगडावर आपटला आणि दोन तुकडे झाले. पितळेचा असता तर वाकला असता. बीड मोडतं.

मी तुझ्या तोंडावर थुंकले. तू मला ढकललंस. माझं डोकं कपाटावर आदळलं. मग तू धरणावर निघून गेलास आणि मी तव्याचे तुकडे उचलून आत आणले.

आता चुन्याचं सांगते. सासूची पद्धत होती. पापडाच्या मोठ्या डब्याच्या तळाशी कळीच्या चुन्याचे दोन खडे मांजरपाटाच्या पिशवीत शिवून ठेवायचे, वर उपडं ताट, त्यावर पापड. चुना सगळी ओल पितो. पावसाळाभर पापड कडक. मी ते तुला आधीच सुचवलं होतं. तू म्हणाला होतास, "चुना अजिबात नको. त्याला पाणी लागलं तर उकळतो. घर रंगवताना पिंपात बघितलंस ना?"

बघितलं होतं. मला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तू पेटी ओट्यावर ठेवून शिडाची दोरी स्कूटरला बांधायला बाहेर गेलास. मी पेटीत डोकावले. उरलेले खडे सगळे गुलाबी. कालच्या भांडणात भाजायचे राहिलेले. मी ते काढले आणि माझ्या डब्यातली चुन्याची पिशवी कॉम्प्युटरच्या मागे कोपऱ्यात सारली. दोन खडे नव्हते, पाच होते. मनात म्हटलं, थेंब आत जात नाही म्हणतोस ना? मग चुन्याला कशाचं भय. संध्याकाळी कोरडा ठाक कॉम्प्युटर घेऊन येशील तेव्हा सांगेन, चौथी पास बाईचा चुना होता.

मी ते मदत म्हणून केलं की तव्याच्या रागानं, हे मला विचारू नकोस. सात वर्षं मी स्वतःला विचारलंय.

तू आत आलास, झाकण आवळलंस, पेटी खांद्यावर घेतलीस. माझ्याशी बोलला नाहीस.

दुपारी त्र्यंबकच्या डोंगराकडून वादळ उतरलं. पुढचं मला कैलासनं सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर, ओल्या कपड्यांत. वारा एकदम फिरला. शिडाचा आडवा बांबू त्याच्या डोक्यावरून गेला आणि होडी कलली. पेटीचा पट्टा तुटला, पेटी सरकत जाऊन कडेवर आदळली आणि झाकणाची एक कडी उखडली. लाट आत आली. थेंब नाही, बादलीभर.

"आतून चुरचुर आवाज यायला लागला," कैलास म्हणाला. "दादा म्हणे, हा कसला आवाज? मी म्हटलं, राहू द्या दादा, आधी होडी सांभाळा. ऐकतो का तो. कॉम्प्युटर वाचवायला झाकण उघडलं आणि तोंड आत घातलं."

पाच खडे होते. उकळलेला चुना तुझ्या तोंडावर उसळला.

"मग मी दादाचं मुंडकं धरून पाण्यात घातलं," तो म्हणाला. "बाहेर काढायचं, परत घालायचं. लय मारलं त्यानं मला. पोटात लाथा घातल्या, हाताला चावला. पण मी सोडलं नाय. डोळ्यात काय गेलं की धुवायचं, एवढंच माहीत होतं मला. होडी काठाला लागेस्तवर धूत होतो."

त्यानं हात दाखवला. तुझ्या दातांची पूर्ण गोल खूण होती.

त्यानं धुतलं म्हणून उजवा डोळा राहिला. डॉक्टरही तसंच म्हणाले. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. चिमट्याच्या टोकावर पांढरा कण होता.

"मावशी, हे बॅटरीचं पाणी नाही. चुना आहे हा. कुठून आला?"

मी म्हटलं, "मला काय कळतं डॉक्टर. मी चौथी शिकलेली."

लोकांनी मला अडाणी म्हटलं तर मी त्यांचा अंगठा मोडायला धावायचे, वसंता. त्या दिवशी मी स्वतः अडाणीपणामागे लपले. तू आत पडला होतास, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. येईल त्याला सांगत होतास, बॅटरी फुटली, ठेकेदाराची बॅटरी फुटली. मला वाटलं, तुला खरंच तसं वाटतंय. मी तसंच वाटू दिलं.

महिन्यानं मी तुझा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आले. तू एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून वायरीला कथलाचा डाग लावत होतास आणि दर वेळी डाग तसूभर चुकत होता. तेवढ्यात कैलास आला. दोन्ही हातांत बॅटरी धरलेली.

"दादा, एक दाखवायचं होतं," तो म्हणाला. "ही बघा. होडीतली बॅटरी. कुठं फुटलेली नाय. चिरसुद्धा नाय. मला तव्हाच वाटलं. मग पेटीत काय होतं दादा? पांढरं पांढरं..."

तू उठलास. बॅटरी त्याच्या हातातून हिसकावलीस आणि दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर घातलीस. हाड मोडल्याचा आवाज सुक्या फांदीसारखा येतो म्हणतात, तसा नसतो. ओला असतो. तो शटरवर पडला. बॅटरी फरशीवर पडली, आणि त्या दिवशी मात्र ती खरंच फुटली. फरशीवर अ‍ॅसिडचा डाग अजून आहे. तू खाली बसून त्याला मुठीनं मारत होतास आणि ओरडत होतास, "बॅटरी फुटली. काय झालं? बॅटरी फुटली."

मी डबा हातात धरून उभी होते. मी तुला आयुष्यभर ओढलंय, अडवलंय, फोडलंय. त्या दिवशी हलले नाही. त्याचं वाक्य पुरं होऊ नये असंच मला वाटत होतं. हे तुला आज कळू दे.

बाजूच्या टायरवाल्यांनी तुला बाजूला केलं. पोलीस तुला घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी सोडलं, कारण कैलासनं तक्रार दिली नाही. त्याचा जबडा तारेनं बांधलेला. बोलायला लागल्यावरही त्यानं दिली नाही. नांदगावला निघून गेला.

सुटून आलास आणि सरळ धरणावर गेलास. कुऱ्हाड घेऊन. काठावर होडी ओढलीस आणि सकाळपासून दुपारपर्यंत फोडलीस. दोन हिवाळे घालून केलेली. शीड पेटवलंस. फळ्या टेम्पोत टाकून घरी आणल्यास आणि म्हणालास, "बंबाला घाल." मी घातल्या. दोन महिने आपण दोघांनी डांबराचा वास येणाऱ्या पाण्यानं अंघोळी केल्या. तू एका शब्दानं बोलला नाहीस आणि मी एका शब्दानं विचारलं नाही.

त्यानंतर तू मला कधी मारलं नाहीस. मला वाटलं, एक डोळा गेल्यावर नेम राहिला नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

मग दोनेक वर्षांनी एकदा तू दिवसभर गायब होतास. संध्याकाळी आलास तर ओठ फाटलेला, पुढचे दोन दात नाहीत, शर्टावर रक्त. आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बीडाचा नवा तवा.

"काय झालं?"

"स्कूटरवरून पडलो."

"तवा कसा शाबूत?"

"छातीशी धरला होता."

"मग दात धरायचे."

तू हसलास आणि ओठातून परत रक्त आलं. मी हळद लावली. तवा आधी घासला, मग तापवला, तेल मुरवलं. सासूच्या तव्याइतका चांगला नाही. पण पापड भाजते त्याच्यावर. आज सकाळी पण भाजले.

हे सगळं मला काल परत कोरून काढावं लागलं, कारण काल कैलास आला.

कुणी कळवलं त्याला कोण जाणे. टायरवाल्यानं असेल. पंगत बसली होती. दारात एक माणूस चप्पल काढत होता. केस पांढरे व्हायला लागलेले, आणि जबडा एका बाजूला सरकलेला. मी ओळखलं.

"या," मी म्हटलं. "बसा पानावर."

तो तुझ्या फोटोसमोर उभा राहिला. हात जोडले नाहीत. मग भिंतीकडच्या शेवटच्या पत्रावळीवर बसला. मी स्वतः वाढलं. वरण, भात, वडे, बुंदी. तो डाव्या बाजूनं चावतो. उजवी बाजू मिटत नाही. मी समोर बसले.

"तू आलास," मी म्हटलं. "त्यानं तुला एवढं मारलं तरी आलास."

"आमचं फिटलं होतं आक्का," तो म्हणाला. "तुम्हाला सांगितलं नाय का दादानं?"

"काय?"

"नांदगावला आला होता माझ्या घरी. अंगणात उभा राहिला. म्हणे, कैलास, बॅटरी फुटली नव्हती. पेटीत चुना होता. मीच ठेवला होता. तू खरं बोलायला लागलास आणि माझी अब्रू जाईल म्हणून तुला मारलं. आता तू मार."

माझ्या हातातली वाढायची पळी वरणाच्या पातेल्यातच राहिली.

"मग?"

"मग काय. मारलं. दोन दिल्या तोंडावर, जीव खाऊन. दादानं हात वर नाय केला. माझ्या बायकोनं पाणी दिलं, चूळ भरली, दात उचलून खिशात टाकले." तो हसला. वाकडंच हसतो आता. "आणि जाताना मला विचारतो, इथं बाजारात बीडाचा तवा कुठं मिळतो? मी म्हटलं, डोकं फिरलंय काय याचं."

वसंता, म्हणजे तुला माहीत होतं.

तू झाकण उघडलंस तेव्हा पिशवी पाहिली असणार. मांजरपाट, माझा टाका, मी शिवते तसा दुहेरी. एक डोळा जाताजाता तू तेवढं पाहिलंस. डोळ्यांवर पट्ट्या असताना बॅटरी, बॅटरी म्हणत होतास ते माझ्यासाठी. कैलासचं तोंड फोडलंस ते माझ्यासाठी. की मारायला आवडायचं म्हणून मारलंस आणि मी निमित्त झाले? हे भांडण आपलं राहिलं. तू असतास तर मी तुझ्या छाताडावर बसून उत्तर घेतलं असतं. आणि तव्याची आठवण ठेवलीस. चुना कशापायी पेटीत गेला हे तुला नेमकं कळलं होतं, आणि तू मला तवा आणून दिलास. शिवी दिली असतीस तर सोपं होतं रे.

कैलास बुंदीचा घास घेत होता. मला गप्प बसता आलं असतं. तुझं खोटं पुरं शाबूत होतं, त्यावर तेराव्याचं पाणी पडलं होतं. तू त्यासाठी दात दिले होतेस. मी गप्प बसले असते तर तो जेवून, सुपारी खाऊन, समाधानानं नांदगावची एसटी धरून गेला असता.

"चुना त्यानं ठेवला नव्हता," मी म्हटलं. "मी ठेवला होता."

तो चावायचा थांबला.

"पापडाच्या डब्यातला. त्यानं नको म्हटलं होतं तरी ठेवला. त्याचा डोळा माझ्यामुळे गेला, तुझा जबडा माझ्यामुळे गेला. दुकानात मी उभी होते आणि तोंड उघडलं नाही."

त्यानं वळून तुझ्या फोटोकडे बघितलं. फोटोत तुला दोन्ही डोळे आहेत, जुना आहे.

"म्हणजे मी चुकीच्या माणसाला मारलं," तो म्हणाला.

"हो."

"आणि तो उभा राहून मार खात होता."

"हो. बरोबरचं माणूस तुझ्यासमोर बसलंय," मी म्हटलं. "मार."

त्याचा हात उठला. खरंच उठला, खांद्यापर्यंत. मी डोळे मिटले नाहीत. पंगतीत कुणाच्या लक्षात आलं नाही, ते बुंदी मागत होते. हात तिथंच राहिला. मग त्यानं तो खाली घेतला, पँटला पुसला आणि उठला. पान अर्ध्यावर टाकून उठला, तुझ्या तेराव्याचं. दारात चप्पल घालताना त्याचा खांदा हलत होता. मागं वळून बघितलं नाही. मी बोलावलं नाही.

सगळे गेले. शेजारच्या पोरी पत्रावळी गोळा करायला आल्या. मी म्हटलं, ती शेवटची राहू द्या.

भातात त्याच्या बोटांच्या खुणा होत्या. अर्धा वडा, चावून ठेवलेला. बुंदी वरणात भिजलेली. मी त्या पानावर बसले आणि खाल्लं. सत्तर वर्षांत मी कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं, हे तुझ्याशिवाय आता कुणाला माहीत नाही. शितनशीत खाल्लं. वडासुद्धा.

भिंतीवरून तू बघत होतास. आता बोल काय बोलायचंय ते.